डीपी ट्रान्समीटर पातळी मोजत नाही: दाबावरून उंची काढण्याचा पावणेचारशे वर्षांचा इतिहास

पीएचडीच्या मुलाखतीत, विशेषतः इन्स्ट्रुमेंटेशन किंवा अप्लाइड फिजिक्स घेतलं असेल तर, एक साधा प्रश्न येऊ शकतो: बंद टाकीतल्या द्रवाची पातळी डिफरन्शियल प्रेशरने कशी मोजाल? उत्तर बहुतेकांना पाठ असतं. दाब = घनता × गुरुत्वीय त्वरण × उंची. तळाचा दाब घ्या, वरच्या वाफेचा किंवा वायूचा दाब त्यातून वजा करा, घनता आणि त्वरणाने भागा, उंची मिळाली.

उत्तर बरोबर आहे. पण समोर बसलेला परीक्षक जाणता असेल तर त्याचा पुढचा प्रश्न असेल: "भागाकार करताना घनता कुठून आणलीत?" इथे बरेच जण अडखळतात, कारण पुस्तकातल्या गणितात घनता दिलेली असते. प्रत्यक्ष टाकीत ती कुणी देत नाही, आपण ती गृहीत धरतो.

या लेखात मी डीपी पद्धतीचा इतिहास याच प्रश्नाच्या अंगाने सांगणार आहे. हे उपकरण दाबातला फरक मोजतं, पातळी मोजत नाही. दाबापासून पातळीपर्यंत जायला मध्ये गृहीतकांचा एक पूल असतो. उपकरणं सुधारत गेली, पूल मात्र तोच राहिला. आणि तो तुटतो तेव्हा काय होतं, हे २०११ मध्ये जगाने पाहिलं.

आधी हिशोब करून बघू

एक उघडी टाकी घ्या. त्यात १० मीटर पाणी आहे. तळाशी पाण्यामुळे येणारा दाब सुमारे ९८ किलोपास्कल. ट्रान्समीटर पाण्यासाठी लावलेला आहे, म्हणून पडद्यावर १० मीटर दिसतं. आता त्याच टाकीत डिझेल भरा, घनता साधारण ८४० किलो प्रति घनमीटर. डिझेलही १० मीटर भरलं, तर तळाचा दाब सुमारे ८२ किलोपास्कल येईल आणि पडद्यावर ८.४ मीटर दिसेल. उपकरणात काहीही बिघाड नाही. त्याने दाब अगदी अचूक मोजला. टाकी मात्र ओतू जायच्या बेतात असताना ऑपरेटरला वाटेल की अजून दीड मीटर जागा आहे.

आता टाकी बंद करा आणि वर नायट्रोजनचा ५ किलोपास्कल दाब ठेवा. हा दाबही तळापर्यंत पोचतो. तो वजा केला नाही तर पाण्याच्या टाकीत सुमारे अर्धा मीटर पातळी जास्त दिसेल. म्हणून डायफ्रॅमच्या एका बाजूला तळाचा दाब आणि दुसऱ्या बाजूला वरचा दाब जोडतात. फरक आपोआप निघतो. डिफरन्शियल हा शब्द आला तो इथून.

म्हणजे दोन अडचणी झाल्या: द्रवाची घनता, आणि द्रवाच्या वर जे काही आहे त्याचा दाब. या दोन्ही अडचणी सतराव्या शतकातल्या एका प्रयोगात एकदमच समोर आल्या होत्या.

पास्कलची वाइन

सुरुवात सायमन स्टेव्हिनपासून करायला हवी. १५८६ मध्ये या डच गणितज्ञाने दाखवलं की भांड्याच्या तळावरचा द्रवाचा दाब उंचीवर अवलंबून असतो, भांड्याच्या आकारावर नाही. अरुंद नळीतलं थोडं पाणी आणि रुंद पिंपातलं भरपूर पाणी, उंची सारखी तर तळाचा दाब सारखा. लोकांना हे इतकं विचित्र वाटलं की याला आजही 'हायड्रोस्टॅटिक विरोधाभास' म्हणतात. आपल्या दृष्टीने मात्र ही मोठीच सोय आहे. टाकी गोल असो, चौकोनी असो की आडवी, तळाच्या एका भोकातून उंचीची खबर लागते.

मग १६४० च्या दशकात इटलीत टॉरिचेल्लीचा पाऱ्याचा प्रयोग झाला. त्याची बातमी फ्रान्समध्ये पोचली आणि ब्लेझ पास्कलने रूआं शहरात तो मोठ्या प्रमाणावर करायचं ठरवलं. त्याने ४६ फूट लांबीच्या काचेच्या नळ्या बनवून घेतल्या. एकात पाणी, दुसरीत लाल वाइन. नळ्या उलट्या उभ्या केल्यावर दोन्ही द्रव थोडे खाली येऊन थांबले आणि वर रिकामी जागा राहिली.

आता गंमत बघा. नळीतली वरची जागा द्रवातून निघालेल्या वाफेने भरलेली आहे, असं मानणारे लोक होते. त्यांच्या मते वाइन जास्त उडणारी, म्हणून तिची वाफ जास्त आणि ती द्रवाला जास्त खाली ढकलेल. म्हणजे वाइन पाण्यापेक्षा खाली थांबायला हवी. पास्कलचं म्हणणं असं की बाहेरच्या हवेचा दाब द्रवाच्या वजनाशी तोल साधतो. वाइन पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तोल साधायला तिची उंची जास्त लागेल. प्रत्यक्षात वाइन पाण्यापेक्षा वर थांबली.

हा प्रयोग आपल्या विषयाच्या चष्म्यातून परत वाचा. बाहेरचा दाब एकच, पण उंची दोन. का? कारण घनता दोन. आणि वाद कशावर होता? द्रवाच्या वर काय आहे यावर. डीपी ट्रान्समीटरच्या दोन्ही अडचणी १६४७ मध्ये, पास्कलने हे प्रयोग छापले तेव्हा, कागदावर होत्या.

दुसरी गोष्ट १९ सप्टेंबर १६४८ ची. पास्कलचा मेहुणा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन पुय द दोम हा डोंगर चढला आणि वर पारा सुमारे तीन इंच खाली उतरलेला दिसला. हे बहुतेकांना माहीत असतं. पण प्रयोगाचा जो भाग पाठ्यपुस्तकात गळतो, तो आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. पेरिएने दुसरी एक नळी पायथ्याशी, क्लेरमाँमधल्या मठाच्या बागेत ठेवली होती आणि एका पाद्रीला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. त्या दिवशी हवामान बदलून खालचाच पारा हलला असता, तर वरच्या मापनाला काही अर्थ राहिला नसता. खालची नळी स्थिर राहिली, म्हणून वरचा फरक उंचीमुळेच आला असं म्हणता आलं.

ती खालची नळी म्हणजे रेफरन्स. दोन ठिकाणचे दाब, त्यांचा फरक, आणि त्यातली एक बाजू बदलत नाही याची खात्री. ती खात्री माणूस बसवून करून घेतलेली होती, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

पारा, हवा, मग चिप

एकोणिसाव्या शतकात पातळी बघायची ती मुख्यतः बॉयलरची, आणि तीही डोळ्यांनी: बॉयलरला जोडलेल्या काचेच्या नळीत पाणी कुठपर्यंत आहे ते बघायचं. पण ही नळी बाहेर असते, त्यामुळे तिच्यातलं पाणी बॉयलरमधल्यापेक्षा थंड आणि जड असतं. तोल साधायला त्याला कमी उंची पुरते. म्हणून काच थोडी कमीच पातळी दाखवते. डोळ्यांनी पाहिलेली पातळीसुद्धा घनतेच्या तावडीतून सुटत नाही.

दाबाचा फरक मोजणाऱ्या यंत्रांना खरा धक्का मिळाला तो प्रवाह मोजण्याच्या गरजेतून. १८८० च्या दशकात अमेरिकेत क्लेमेन्स हर्शेलने व्हेंच्युरी मीटर बनवला. पाइप अरुंद होतो तिथे दाब कमी होतो, त्या फरकावरून प्रवाह. फरक मोजायला पाऱ्याची यू आकाराची नळी. हीच सोय पुढे पातळीसाठी वापरली गेली. पण पाऱ्याचा एक त्रास होता. एका बाजूचा दाब अचानक वाढला की पारा उडून थेट प्रोसेसच्या लाइनमध्ये जायचा. विष तर होताच, शिवाय महाग.

१९४८ मध्ये फॉक्सबोरो कंपनीने डी/पी सेल बाजारात आणला. त्यात पारा नव्हता. दोन डायफ्रॅमच्या मधल्या कॅप्सूलवर फरकाचा जोर यायचा, तो एका दांडीने बाहेर आणून दाबाखालच्या हवेने तोलायचा. तोलायला लागलेला हवेचा दाब म्हणजेच सिग्नल, ३ ते १५ पीएसआय. शून्याऐवजी ३ पासून सुरुवात कशासाठी? हवेची नळी तुटली तर सिग्नल शून्यावर येईल आणि 'टाकी रिकामी' व 'उपकरण मेलं' यांतला फरक कळेल. पुढे विजेच्या सिग्नलला ४ ते २० मिलिअँपिअर ठरले, तेही याच विचाराने. हा विचार चांगला आहे, पण तो फक्त तुटलेली तार पकडतो. तुटलेलं गृहीतक नाही पकडत.

१९६९ मध्ये रोझमाउंटचा ११५१ आला, कपॅसिटन्सवर चालणारा. १९८३ मध्ये हनीवेलचा एसटी ३०००, ज्यात मायक्रोप्रोसेसर होता. आज कुरकुंभ, तळोजा, तारापूर, कुठल्याही एमआयडीसीतल्या केमिकल प्लांटमध्ये गेलात तर या वंशातले ट्रान्समीटर टाक्यांना लटकलेले दिसतील. ०.१ टक्क्यापेक्षा चांगली अचूकता त्यांना सहज जमते. पण ही अचूकता दाबाची आहे. पातळीची अचूकता तुमच्या घनतेच्या अंदाजाइतकीच.

तेलाच्या मोठ्या साठ्यांसाठी यावर एक छान उपाय निघाला: हायड्रोस्टॅटिक टँक गेजिंग. टाकीला एक सेन्सर तळाशी, एक ठरावीक उंचीवर थोडा वर, आणि एक छताजवळच्या वाफेत. खालच्या दोन सेन्सरमधलं अंतर माहीत आहे, त्यामुळे त्यांच्यातल्या फरकावरून घनता निघते. मग उंची काढताना घनता गृहीत धरावी लागत नाही. आणि व्यापाऱ्याला टन हवे असतील तर उंचीचीही गरज नाही. दाब गुणिले टाकीचं क्षेत्रफळ म्हणजे वजन. दाब मुळात वजनाचीच भाषा बोलतो, उंची आपण त्याच्याकडून वदवून घेतो.

दुसरा पाय

आता कठीण भाग. टाकीत तेल नसून उकळतं पाणी आणि वाफ असेल तर? वरचा दाब ट्रान्समीटरपर्यंत नळीने आणायचा म्हटलं की त्या नळीत वाफ थंड होऊन पाणी साचणार. किती साचेल याचा नेम नाही. उपाय असा निघाला की ती नळी मुद्दाम पाण्याने पूर्ण भरूनच ठेवायची. वरच्या टोकाला एक छोटं भांडं, कंडेन्सेट पॉट. वाफ त्यात थंड होते, नळी भरलेली राहते, जास्तीचं पाणी परत आत वाहून जातं. या भरलेल्या नळीला वेट लेग किंवा रेफरन्स लेग म्हणतात. पेरिएची पायथ्याची नळी आठवली ना?

आकडे घालून बघू. ७० बार दाबाचं एक पात्र. आतल्या उकळत्या पाण्याची घनता सुमारे ७४०, वाफेची सुमारे ३६, आणि बाहेरच्या थंड रेफरन्स लेगमधल्या पाण्याची सोयीसाठी १००० धरू. दोन टॅपिंगमधलं अंतर १ मीटर. पात्र रिकामं असताना फरक १००० वजा ३६, म्हणजे ९६४ मिलिमीटर थंड पाण्याइतका. पात्र भरलेलं असताना १००० वजा ७४०, म्हणजे २६०. इथे उलटं गणित आहे: फरक जितका कमी, पातळी तितकी जास्त. ७०४ मिलिमीटरच्या फरकात १ मीटरची सगळी कहाणी.

आता समजा रेफरन्स लेगमधलं ३० सेंटिमीटर पाणी काही कारणाने उडून गेलं आणि तिथे वाफ आली. फरक सुमारे २८९ मिलिमीटरने कमी होईल. पडद्यावर पातळी ४१ सेंटिमीटरने वाढलेली दिसेल. पात्रात पाण्याचा एक थेंबही वाढलेला नाही. पाणी बाहेरच्या नळीतून गेलं आणि पडदा म्हणतो आत पाणी आलं. चूक कोणत्या दिशेला होते बघा: नेमकी दिलासा देणाऱ्या दिशेला.

दोन इशारे

२८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड. तिथल्या अणुभट्टीच्या मुख्य पात्राला पातळीचं वेगळं मापक नव्हतं. ऑपरेटर प्रेशरायझर नावाच्या शेजारच्या पात्रातली पातळी बघायचे आणि ती भरलेली म्हणजे भट्टीही भरलेली, असं धरायचे. त्या दिवशी प्रेशरायझरच्या माथ्यावरचा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. पाणी त्या वाटेने बाहेर जात होतं, त्यामुळे प्रेशरायझरमधली पातळी चढत होती आणि भट्टी रिकामी होत होती. पातळी जास्त दिसली म्हणून ऑपरेटरांनी आत येणारं आपत्कालीन पाणी कमी केलं. इंधनाचा मोठा भाग वितळला. त्यांना मिळालेला आकडा त्या पात्रापुरता खोटा नव्हता, त्यावरून काढलेला अर्थ चुकला.

२३ मार्च २००५, टेक्सास सिटीतली बीपीची रिफायनरी. इथलं उपकरण डीपी नव्हतं, डिस्प्लेसर होतं, म्हणजे द्रवात बुडवलेला दांडा किती हलका होतो त्यावरून पातळी. पण घनतेचं गृहीतक तेच. टॉवर ऊर्ध्वपातनाचा, आणि उपकरणाचा पल्ला फक्त तळच्या काही फुटांचा. टॉवर त्या पल्ल्याच्या कितीतरी वर भरला, दांडा पूर्ण बुडाला. पूर्ण बुडाल्यावर उपकरण पातळी सांगत नाही, फक्त घनता सांगतं. द्रव तापत गेला, घनता घटली, आणि पडद्यावरची पातळी हळूहळू उतरताना दिसली. प्रत्यक्षात द्रव सुमारे ४८ मीटरवर होता, पडद्यावर अडीच मीटरच्या आसपास. स्फोटात १५ माणसं गेली. दोन्ही टॅपिंग बुडालेला डीपी ट्रान्समीटरही अगदी असाच वागेल.

फुकुशिमा: स्थिर आकडा

११ मार्च २०११. दुपारी २:४६ ला भूकंप, मग त्सुनामी. फुकुशिमा दाइइचीच्या पहिल्या युनिटची बॅटरीवरची वीजही गेली, कंट्रोल रूममधले मापक काळे पडले. कर्मचाऱ्यांनी गाड्यांच्या वगैरे बॅटऱ्या आणून ते जिवंत केले. रात्री ९:१९ ला पातळी दिसली: इंधनाच्या वरच्या टोकापेक्षा २०० मिलिमीटर वर. दहा वाजता ५५० मिलिमीटर वर. म्हणजे इंधन पाण्याखाली आहे, आणि पाणी वाढतंय!

नंतरच्या विश्लेषणात निघालं ते असं: इंधन संध्याकाळी सहाच्या सुमारासच उघडं पडायला लागलं होतं आणि पुढच्या तासा-दीड तासात त्याची हानी सुरू झाली होती. मापक जिवंत झालं तेव्हा ज्याची पातळी ते सांगत होतं, ते पाणी तिथे नव्हतंच.

कारण रेफरन्स लेग. भट्टीभोवतीची हवा प्रचंड तापली, भरलेल्या नळीतलं पाणी वाफ होऊन गेलं. आपण वर केलेलं ४१ सेंटिमीटरचं गणित तिथे खऱ्या भट्टीवर घडलं. दुसऱ्या एका मापनाने वेगळी खूण दिली होती: दहाच्या सुमारास भट्टीच्या इमारतीतलं रेडिएशन वाढल्यामुळे आत जायला बंदी करावी लागली. एक मापन म्हणतं पाणी आहे, दुसरं म्हणतं काहीतरी भयंकर चाललंय.

पुढे आकडा इंधनाच्या टोकाखाली सुमारे १.६ ते १.७ मीटरवर येऊन थांबला आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहिला. पाणी ओततायत, गळतंय, उकळतंय, आणि पातळी मात्र ढिम्म. शेवटी मे महिन्यात कर्मचारी इमारतीत शिरले आणि मापकाचं कॅलिब्रेशन केलं. १२ मे रोजी टेपको कंपनीने जाहीर केलं की पातळी टोकाच्या ५ मीटरहून खाली आहे. म्हणजे इंधनाची मूळ जागा कोरडी.

ही अडचण कुणाला सुचलीच नव्हती का? सुचली होती. १९९२-९३ मध्ये अमेरिकेच्या न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशनने उकळत्या पाण्याच्या भट्ट्या चालवणाऱ्यांना याच नळीबद्दल लेखी विचारणा केली होती. तिथे कारण वेगळं होतं. नळीतल्या पाण्यात विरघळलेला वायू दाब उतरताच फसफसून बाहेर येतो आणि पाणी ढकलून देतो. परिणाम तोच, पातळी खोटीच जास्त. उपाय म्हणून नळीत सतत थोडं पाणी सोडत राहण्याची सोय बसवली गेली. वायूचा प्रश्न सुटला. 'रेफरन्स लेग भरलेला आहे हे आपल्याला कसं कळतं?' हा मोठा प्रश्न तसाच राहिला. आणि हे सगळं दूरदेशीचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. १९६९ पासूनची तारापूरची पहिली दोन युनिट्स याच उकळत्या पाण्याच्या, जनरल इलेक्ट्रिकच्या घराण्यातली आहेत.

तुमच्या संशोधनासाठी

तुमचा विषय कदाचित टाक्यांचा नसेल. तरी सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक काम करा. तुमच्या मुख्य मोजमापासाठी कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात उपकरणाला प्रत्यक्ष काय जाणवतं ते लिहा: दाब, व्होल्टेज, रंगाची तीव्रता, प्रश्नावलीवरची खूण, जे असेल ते. तिसऱ्यात तुम्ही प्रबंधात काय म्हणणार ते: पातळी, एकाग्रता, गरिबी, समाधान. मधल्या रकान्यात पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जायला लागणारी प्रत्येक गोष्ट, एकेका ओळीत.

मग मधल्या प्रत्येक ओळीपुढे दोन प्रश्न. हे मोडलं तर माझा आकडा कोणत्या दिशेला सरकेल? आणि मोडलंय हे मला कळेल कसं? पहिल्याचं उत्तर "मला हवं त्या दिशेला" असं आलं, तर ती ओळ लाल करा. दुसऱ्याचं उत्तर "कळणार नाही" असं आलं, तर एक दुसरं, वेगळ्या तत्त्वावर चालणारं मोजमाप शोधा. पेरिएने पाद्री बसवला होता. टँक गेजिंगवाल्यांनी एक सेन्सर वाढवला. फुकुशिमात रेडिएशनचं मापक होतंच, पण ते पातळीच्या आकड्याशेजारी ठेवून वाचायची पद्धत नव्हती.

आणि तुमच्या डेटात एखादा आकडा बराच काळ जागचा हलला नाही, तर तो स्थिर आहे म्हणून खूश होऊ नका. आधी जाऊन नळीत पाणी आहे का ते बघा.